पंप लावलेला असूनही दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी साखर ४०० च्या वर: आम्ही कारण कसं शोधलं

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. सातव्या वर्षी तिला टाइप वन डायबेटिस निघाला, पाच वर्षं तिनं रोज चार-पाच सुया टोचून घेतल्या आणि गेल्या पोळ्यापासून ती इन्सुलिन पंपावर आहे, म्हणजे अंगाला लावलेल्या छोट्या यंत्राच्या डबीतलं इन्सुलिन नळीतून, चामडीखाली बसवलेल्या बारीक नळकांडीवाटे (कॅन्युला) दिवसभर थोडं थोडं आत जातं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या पुढं. पंपाचे डॉक्टर नागपूरला. जाऊन यायचं म्हणजे वावरातलं एक दिवसाचं काम बुडतं, शेवटची एस.टी. चुकली तर मुक्काम पडतो. त्यामुळे पंपाचं काही बिनसलं की ते आधी घरच्या घरी ओळखता येणं आम्हाला भागच होतं. खाली लिहिलंय ते आम्ही दोन-अडीच महिने लिहून ठेवलेल्या वहीतून आणि डॉक्टरांशी फोनवर बोलून समजलेलं आहे. तुमच्या लेकराचे डोस वेगळे असतील, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

त्रास सुरू झाला मार्चच्या शेवटी. सकाळची शाळा लागली होती. साडेअकराला ती सायकलनं घरी यायची, हात धुऊन बोट टोचायची आणि ओसरीतूनच सांगायची, "आई, आज पुन्हा चारशेच्या वर." सकाळी निघताना हीच साखर ११०-१२० असायची. मधल्या सुटीतल्या डब्याचं बोलस (खाण्यासाठीचं इन्सुलिन) दिलेलं, पंपाच्या मेमरीत ते दिसायचं. पंप एकदाही वाजलेला नसायचा.

मी पहिला प्रश्न विचारायची, "काय खाल्लं तू?" आणि ती रडायला लागायची. सासूबाई विचारायच्या, शेजारच्या काकू विचारायच्या. तिनं काहीच चोरून खाल्लेलं नव्हतं. हे मी सगळ्यात आधी लिहितेय, कारण घराघरात पहिला संशय लेकरावरच जातो. खाण्यामुळे चढलेली साखर जेवणानंतर तास-दोन तासांत चढते आणि करेक्शन (चढलेली साखर उतरवायचा जादा डोस) दिलं की वळते. इन्सुलिन न पोचल्यामुळे चढलेली साखर रिकाम्या पोटीही चढतच राहते आणि पंपातून कितीही करेक्शन द्या, खाली येत नाही. दोन्हीतला फरक ओळखायला वही पुरते. लेकराला उलटतपासणीला उभं करायची गरज नाही.

खरी गोम माझ्या नवऱ्याच्या लक्षात आली. आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबक आहे. ते म्हणाले, "मोटर चालू आहे, मीटर फिरतंय, पण झाडाखालचा ड्रिपर बुजला असंल तर?" पंप जेवढं ढकलतो तेवढंच तो मेमरीत लिहितो. ते अंगात पोचलं की नाही, हे त्याला कळत नाही. नळी पूर्ण बुजून आत दाब वाढला तरच तो वाजतो, आणि तासाला अर्धा-पाऊण युनिट जात असताना तेवढा दाब साचायला कित्येक तास लागतात. गळती असेल किंवा इन्सुलिनच खराब झालं असेल, तर तो कधीच वाजत नाही.

आधी साखर उतरवा, कारण मागून शोधा

पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, म्हणजे लिस्प्रो, अस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. सुयांवर असताना लांब पल्ल्याचं एक इन्सुलिन दिवसभर पाठीशी असायचं, एखादी सुई चुकली तरी ते सांभाळून घ्यायचं. पंपावर तो आधार नाही. धार तुटली की तीन-चार तासांत अंगातलं इन्सुलिन संपत येतं, शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. सुयांवरच्या मुलाची ४०० साखर आणि पंपावरच्या मुलाची ४०० साखर म्हणून सारखी समजू नका.

आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पद्धत अशी. साखर २५० च्या वर गेली आणि कारण दिसत नसेल, तर पंपातून एकदा करेक्शन द्यायचं आणि कीटोन तपासायचे. तासाभरानं साखर पुन्हा बघायची. ती वळलेली नसेल, किंवा पहिल्याच तपासणीत कीटोन वाढलेले दिसले, तर पंपावर विश्वास ठेवायचा नाही. करेक्शनचा डोस इन्सुलिनच्या पेननं टोचायचा, ताजं इन्सुलिन भरायचं, नळी-कॅन्युलाचा नवा सेट नव्या जागी लावायचा आणि भरपूर पाणी पाजायचं.

मी पहिल्या वेळी उलटं केलं. "नवा सेट वाया जाईल" म्हणून पंपातूनच तीन वेळा करेक्शन देत बसले. दुपारचे चार वाजले, साखर ४६० झाली आणि पोरीनं उलटी केली. त्या दिवशीचे तिचे कोरडे ओठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पेननं दिलेला डोस पंपाच्या हिशेबात येत नाही, हेही ध्यानात ठेवा. पंपाला वाटतं की अंगात इन्सुलिनच नाही, आणि तो पुन्हा मोठं करेक्शन सुचवतो. झटपट इन्सुलिनचा असर चारेक तास राहतो. म्हणून पेनची वेळ आणि युनिट वहीत लिहा आणि तेवढे तास पंपाचा सल्ला डोळे झाकून मानू नका, नाहीतर रात्री साखर धाडकन ५० च्या खाली येईल.

कीटोन मोजायचं रक्ताचं मीटर असेल तर ०.६ च्या खाली ठीक. ०.६ ते १.५ म्हणजे लक्ष ठेवा आणि पेन वापरा. १.५ च्या वर गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि ३ च्या वर थेट दवाखाना. आमच्याकडे मीटर नाही, लघवीच्या पट्ट्या आहेत. त्या स्वस्त पडतात, पण त्या काही तासांपूर्वीची स्थिती दाखवतात. पट्टी फिकट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि भरभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, यातलं काही दिसलं तर घरी प्रयोग करायचे नाहीत, १०८ ला फोन करायचा. गावाजवळच्या दवाखान्यात पंप पाहिलेला नसण्याची शक्यता धरा आणि पहिलं वाक्य पाठ ठेवा: "टाइप वन आहे, पंपावर आहे, अंगात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नाही." आम्ही हे एका कागदावर लिहून तिच्या कंपासपेटीत ठेवलंय.

लाल टोपण, केशरी टोपण

हे वेगळं लिहिते, कारण खेड्यात यातच जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे कुपीत मिळणारं साधं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० च्या ताकदीचं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पंपाचं आणि पेनचं इन्सुलिन १०० च्या ताकदीचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. पंपाचं इन्सुलिन घाईत लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढून "दहा"च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात पंचवीस युनिट जातात. अडचणीत कुणी ४० वालं इन्सुलिन पंपात भरलं, तर दहाऐवजी चारच जातात, शिवाय ते साधं इन्सुलिन उशिरा काम करतं. आमच्या घरात जुन्या लाल सिरिंज पडून होत्या. मी त्या सगळ्या काढून टाकल्या. आता अडीनडीला पेन आणि पेनच्या सुया एवढंच ठेवते, म्हणजे सासूबाईंना द्यायची वेळ आली तरी चूक होणार नाही.

वहीनं काय सांगितलं

एका पानावर चार रकाने केले: सेट कधी लावला, कुठं लावला, साखर कधी चढली, तेव्हा ती कुठं होती. तीन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. सेट लावल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी काहीच त्रास नाही. चढते ती तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी, आणि दुपारीच. रविवारी घरात कूलरपुढं असली तर चौथ्या दिवशीही ठीक.

म्हणजे दोन गोष्टी मिळून घडत होत्या. ऊन, आणि आमची काटकसर.

काटकसरीचं आधी सांगते. नळी-कॅन्युलाचा सेट महाग आहे. तो दोन-तीन दिवसांनी बदलायचा असतो, आम्ही चार दिवस ओढत होतो. हिवाळ्यात ते निभावलं आणि आम्हाला वाटलं की चालतं. पण एकाच जागी राहिलेल्या कॅन्युलाभोवतीची चामडी चिडते, इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. आणि चार दिवसांसाठी भरलेलं इन्सुलिन चार दिवस अंगाच्या आणि उन्हाच्या उष्म्यात राहतं.

आता ऊन. वापरात नसलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, वापरात असलेली कार्ट्रिज ३० अंशांच्या आत. पंपात भरलेलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर तापलं तर ते टाकून द्यायचं, असं लिस्प्रो-अस्पार्टच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. आणि आपल्याकडे एप्रिल-मेत सावलीतच ४४-४५. तिचा पंप शाळेत कमरेच्या पट्ट्याला बाहेरून लावलेला, वर्गावर टिनाचं छप्पर, सुटल्यावर उघड्या रस्त्यानं सायकल. एकदा ती आल्याबरोबर मी पंप हातात घेतला, तर तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा गरम लागला. नळीचा वीतभर भाग कुर्त्याबाहेर लोंबत होता, त्यात इन्सुलिन उन्हात शिजत होतं. दिसायला मात्र पाण्यासारखं स्वच्छ. खराब झालेलं इन्सुलिन कधी गढूळ होतं, त्यात तंतू दिसतात, पण उन्हानं ताकद गेलेलं बरेचदा जसंच्या तसं दिसतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते चांगलंच आहे असं धरू नका.

मग आम्ही असं केलं. सेट उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बदलतो. खर्च वाढू नये म्हणून इन्सुलिन दोन दिवसांपुरतंच भरतो. तिला दिवसाला साधारण ३५ युनिट लागतात, म्हणून ७० आणि नळीत जाणारं वरून थोडं, पण डबी काठोकाठ नाही. आधी आम्ही भरपूर भरून उरलेलं फेकायचो, ते वाचलं. सेटचा खर्च मात्र वाढलाच. त्यासाठी एक जुनं भिशीचं खातं बंद केलं.

पंप बाहेरून न लावता कुर्त्याच्या आतून, सुती पिशवीत, अंगाला लागून. माझ्या बहिणीला हे पटेना, "अंगाच्या गर्मीनं आणखी तापंल ना!" पण बाहेर ४५ असताना माणसाचं अंगच सगळ्यात थंड असतं. चामडीचं तापमान ३५ च्या आसपास राहतं. नळीही आतूनच. वरून ओढणी. बर्फाची पिशवी पंपाला कधीच लावू नका. गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं, आणि पंपात पाणी जायची भीती वेगळी. फटफटीच्या डिक्कीत, एस.टी.च्या खिडकीतल्या उन्हात, धुऱ्यावर ठेवलेल्या पिशवीत इन्सुलिन ठेवायचं नाही, हे आता घरातल्या सगळ्यांना पाठ झालंय.

राहिला प्रश्न घरातल्या साठ्याचा. लाईन सहा-सहा तास जाते. फ्रिज बंद ठेवला तर तेवढा वेळ निभतो, दर दहा मिनिटांनी उघडला तर नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली कार्ट्रिज एकदा आमच्याकडे गोठली होती, ती टाकावी लागली. आता दाराच्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवते. चालू कार्ट्रिज एका छोट्या मातीच्या मडक्यात असते. ते मडकं मोठ्या पसरट मडक्यात ठेवायचं, मध्ये ओली वाळू, वरून ओलं फडकं. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे पाणी भराभर उडतं आणि आत चांगलंच गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच उपाय फारसा चालत नाही. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदतसंस्थेनं आणि जिनिव्हा विद्यापीठानं केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानाप्रमाणे इन्सुलिन चार आठवडे २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात ठेवून तपासलं होतं, ते २०२१ मध्ये छापून आलं. ताकद टिकून होती. ते वाचून मला मडक्यातल्या कार्ट्रिजबद्दल धीर आला. पण ते घरात ठेवलेल्या इन्सुलिनबद्दल आहे. उन्हात सायकलवर फिरणाऱ्या पंपातल्या इन्सुलिनला ते लागू करू नका.

औषधाच्या दुकानातून आणतानाही विचारा, रात्री तुमचा फ्रिज चालू असतो का? एका दुकानात आमची खोकी दुपारभर काउंटरवर पडून होती. तेव्हा दोन वेगवेगळ्या सेटमध्ये सलग त्रास झाला, आणि दुसऱ्या खोक्यातली कार्ट्रिज भरल्यावर थांबला. सेट बदलूनही साखर वळत नसेल तर कार्ट्रिज बदलून बघा.

उन्हाचं नसेल तर

नवा सेट लावल्यापासून तीन-चार तासांतच साखर चढली तर बहुतेक कॅन्युला मुडपलाय किंवा आत नीट गेलेला नाही. काढून बघा, मऊ कॅन्युला वाकलेला असला की लगेच दिसतो. आमच्याकडे तो दोनदा मुडपला, दोन्ही वेळा पोटावर एकाच जागी. तिथं बोटानं दाबलं तर चामडीखाली सुपारीसारखी गाठ लागायची. जुन्या सुयांनी झालेली. अशा गाठीत इन्सुलिन कधी लवकर, कधी उशिरा, कधी शोषलंच जात नाही. ती जागा आम्ही काही महिने सोडून दिली, आता मांड्या आणि कमरेच्या वरचा भाग वापरतो. वारंवार मुडपत असेल तर स्टीलच्या सुईचा सेटही मिळतो, तो दोन दिवसांनी बदलावा लागतो. डॉक्टरांना विचारा.

सेट रात्री झोपताना लावायचा नाही. सकाळी, नाश्त्याच्या आधी. म्हणजे बोलसबरोबर तो चालतोय की नाही हे दुपारपर्यंत कळतं आणि घरात सगळे जागे असतात.

बुडबुडे आम्हाला उशिरा कळले. फ्रिजमधून काढलेलं थंड इन्सुलिन लगेच डबीत भरलं की ते तापताना त्यातली हवा सुटते आणि नळीत बुडबुडे येतात. बोटाच्या एका पेराएवढा बुडबुडा म्हणजे साधारण अर्धं युनिट कमी. तिचं बेसल (पंप दिवसभर आपोआप सोडत राहतो ते इन्सुलिन) तासाला ०.६ आहे, म्हणजे जवळजवळ तासाभराचं इन्सुलिन गेलं. कार्ट्रिज अर्धा तास बाहेर ठेवून मग भरा, डबी उभी धरून टिचकी मारा, हवा वर आली की ढकलून काढा. नळी उजेडापुढं धरून बघा. आणि नळीतून हवा काढताना ती अंगापासून सोडवलेली आहे ना, हे दोनदा तपासा. अंगाला जोडलेली असताना तसं केलं तर सगळं इन्सुलिन आत जाईल.

गळती नाकानं कळते. इन्सुलिनला दवाखान्यातल्या फिनाइलसारखा वास असतो. पट्टीशी किंवा डबीच्या जोडाशी तो आला, कपड्यावर ओलसर डाग दिसला, की तिथंच गळतंय. पोरीच्या नाकाला तो माझ्या आधी येतो. पंप "अडथळा" म्हणून वाजला तर नळी अंगापासून सोडवा आणि थोडं इन्सुलिन बाहेर सोडून बघा. टोकाला थेंब आले तर दोष कॅन्युलात, नाही आले तर नळी किंवा डबीत.

घामानं पट्टी सुटायचा त्रास मे महिन्यात सगळ्यांनाच होतो. आंघोळीनंतर दहा मिनिटं थांबून, जागा पूर्ण कोरडी करून, कॅन्युलाची मधली जागा सोडून भोवताली टिंक्चर बेन्झॉइनचा बोळा फिरवा, वाळू द्या, मग चिकटवा. वरून कागदी टेप.

एक उलटा धोकाही आहे. उन्हात चामडीतलं रक्त जोरात फिरतं, इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं. शाळा नसलेल्या दिवशी ती वावरात आमच्याबरोबर असली, चालणं झालं, की साखर एकदम ६० वर यायची. म्हणजे एकाच आठवड्यात एकदा ४२० आणि एकदा ६०. घाबरून पंपाचे आकडे बदलू नका. आम्ही एकदा बेसल वाढवलं होतं, आणि खरा दोष खराब इन्सुलिनचा होता. ताजं भरल्याबरोबर वाढवलेलं बेसल जड गेलं, रात्री दोन वाजता साखरपाणी पाजावं लागलं.

पंपच बंद पडला तर काय, हे आधी लिहून घ्या. लांब पल्ल्याचं इन्सुलिन किती युनिट आणि कधी, हे डॉक्टरांच्या अक्षरात आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. तिथंच पंपातले सगळे आकडे उतरवलेत: तासातासाचं बेसल, जेवणाचं प्रमाण, करेक्शनचं प्रमाण. पंप बदलून आला तर आतलं काही राहत नाही. सेल चांगले ठेवा, किराणा दुकानातले जुने पडलेले सेल दोन दिवसांत उतरतात.

जूनअखेर शाळा उघडली. दप्तरात आता एक छोटा डबा असतो: पेन, सुया, एक नवा सेट, कीटोनच्या पट्ट्या, सेल, ग्लुकोजची पुडी आणि तो कागद. पेन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून ओलं फडकं. वर्गशिक्षिकेला दोनदा दाखवलाय, आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही.